पाणबुड्यांची भीती आणि किनाऱ्याची भीती

सिडनीच्या उत्तरेकडील किनाऱ्यावर सप्टेंबर २०२५ मध्ये फळी घेऊन लाटांवर स्वार होण्यासाठी गेलेला एक रहिवासी पांढऱ्या शार्कच्या हल्ल्यात मृत्युमुखी पडला. न्यू साउथ वेल्स राज्याचे सरकार त्याच सुमारास किनाऱ्यालगतची शार्करोधक जाळी काही मोजक्या ठिकाणी प्रयोगादाखल काढून पाहण्याच्या विचारात होते. या मृत्यूनंतर तो विचार बाजूला ठेवण्यात आला. लोकनियुक्त सरकारने असे करावे यात आश्चर्य नाही. ज्या घरातला कर्ता माणूस सकाळी समुद्रावर गेला आणि परतला नाही, त्या घरासमोर उभे राहून आकडेवारी वाचून दाखवण्याचे धाडस कोणताही मंत्री करणार नाही, आणि त्याने ते करूही नये.

तथापि शोकाचा पहिला आवेग ओसरल्यावर एक प्रश्न शिल्लक राहतोच. समुद्रात माणूस आणि शार्क यांची गाठ पडते तेव्हा काय घडते, याविषयी कोणाचे मत प्रमाण मानायचे? वर्षातून चार वेळा गुडघाभर पाण्यात उतरणाऱ्याचे, वृत्तपत्रातील ठळक मथळा वाचून हादरलेल्या मतदाराचे, की पोटासाठी वा छंदासाठी रोज त्याच पाण्याच्या तळाशी जाणाऱ्या पाणबुड्याचे? पाणबुड्याला भीती वाटत नाही, असे मुळीच नव्हे. ती त्यालाही वाटते. किंबहुना इतरांपेक्षा अधिक नेमकी वाटते. परंतु त्याची भीती आणि किनाऱ्यावरची भीती यांचा पोत वेगळा आहे. आजवरची सार्वजनिक धोरणे बहुतांशी दुसऱ्या भीतीने आखली गेली, ही या विषयातील खरी अडचण होय.

जबड्यातून परतलेला माणूस

दक्षिण ऑस्ट्रेलियात अ‍ॅडलेडच्या दक्षिणेस आल्डिंगा नावाचा किनारा आहे. तेथे ८ डिसेंबर १९६३ रोजी पाण्याखाली भाल्याने मासे मारण्याची स्पर्धा चालू असताना रॉडनी फॉक्स या तरुण स्पर्धकाला पांढऱ्या शार्कने छातीपाशी धरले. बरगड्या मोडल्या, फुप्फुस उघडे पडले, हात फाटला. साडेचारशेच्या वर टाके घालून डॉक्टरांनी त्याला वाचवले. अशा माणसाने आयुष्यभर शार्कचा सूड घेत हिंडायचे ठरवले असते, तरी जगाने त्याला दोष दिला नसता. मेलेला शार्क तोच चांगला शार्क, असे उघडपणे मानण्याचा तो काळ होता.

फॉक्स काही महिन्यांतच पुन्हा पाण्यात उतरला. प्राणिसंग्रहालयात सिंहाला पिंजऱ्यात ठेवून माणसे बाहेरून पाहतात; समुद्रात माणसाने पिंजऱ्यात बसून शार्कला मोकळे ठेवले तर? या उलट्या विचारातून त्याने पाण्याखाली सोडण्याचा पिंजरा तयार केला. पुढे अनेक दशके शास्त्रज्ञ, चित्रपट-छायाचित्रकार आणि हौशी प्रवासी यांना घेऊन तो ज्या प्राण्याने त्याला फाडले होते त्याच प्राण्याच्या भेटीला जात राहिला, आणि त्या जातीच्या रक्षणाचा पुरस्कर्ता बनला. याला संतवृत्तीची क्षमा समजण्याचे कारण नाही. ज्याच्याविषयी काहीच माहीत नाही त्याचे भय अमर्याद असते. माहिती मिळू लागली की त्याला कडा येतात, हे त्याने अनुभवाने ओळखले.

रॉन आणि व्हॅलेरी टेलर या दांपत्याची वाटचालही अशीच झाली. दोघेही भाल्याने मासे मारण्यात निष्णात. रॉन तर १९६५ सालचा जगज्जेता. पुढे दोघांनी शिकार सोडली आणि कॅमेरा हाती घेतला. स्टीव्हन स्पीलबर्ग यांच्या १९७५ च्या 'जॉज' चित्रपटातील खऱ्या शार्कची दृश्ये याच दांपत्याने दक्षिण ऑस्ट्रेलियाच्या समुद्रात टिपली. शार्क प्रत्यक्षाहून मोठा दिसावा म्हणून लहान आकाराचा पिंजरा आणि लहान चणीचा माणूस आणण्यात आला होता. माणूस पिंजऱ्यात उतरण्यापूर्वीच एक शार्क त्या रिकाम्या पिंजऱ्याच्या दोरखंडात अडकला आणि त्याने पिंजऱ्याची मोडतोड केली. ते पाहून त्या माणसाचा धीर सुटला. रिकाम्या पिंजऱ्याचे ते दृश्य इतके प्रभावी उतरले की ते वापरण्यासाठी कथानक बदलावे लागले, आणि मूळ कादंबरीत मरणारे शास्त्रज्ञाचे पात्र चित्रपटात जिवंत राहिले. जगाला भिववणाऱ्या या चित्रपटातील एक पात्र एका माणसाच्या रास्त भीतीमुळे वाचले, ही गोष्ट विसरण्यासारखी नाही.

चित्रपट पाहणाऱ्या कोट्यवधी प्रेक्षकांच्या वाट्याला मात्र निराळीच भीती आली. अ‍ॅमॉस ट्‌वर्स्की आणि डॅनियल कानेमन या मानसशास्त्रज्ञांनी १९७३ मध्ये असे प्रतिपादन केले होते की, एखाद्या घटनेची उदाहरणे जितक्या सहजपणे आठवतात तितकी ती घटना संभवनीय आहे, असे माणूस समजतो. दोनच वर्षांनी आलेल्या 'जॉज'ने जणू या सिद्धांताचे प्रात्यक्षिक जगभर करून दाखवले. ज्यांनी समुद्र पाहिलेलाही नव्हता त्यांच्या मनात एक त्रिकोणी कल्ला कायमचा रुतून बसला. मूळ कादंबरीचे लेखक पीटर बेंचली यांना पुढे याची खंत वाटली. शार्कविषयी नंतर जे कळले ते पाहता तशी कादंबरी आपण लिहू शकलो नसतो, असे त्यांनी सांगितले आणि २००६ मध्ये मृत्यू येईपर्यंत समुद्ररक्षणाच्या कार्याला ते वाहून घेत राहिले. परंतु हातून सुटलेली प्रतिमा कोणाच्या खंतीने परत येत नसते.

भीतीचा व्यवहार

पाणबुड्याची भीती कशी असते, हे त्याच्या रिवाजांवरून कळते. सीलांच्या वसाहतीजवळ पाण्याच्या पृष्ठभागावर रेंगाळू नये. गढूळ पाण्यात आणि संधिप्रकाशात उतरू नये. भाल्याने टिपलेले मासे कमरेला बांधून फिरू नये. शार्क दिसला तर घाबरून पळ न काढता त्याच्याकडे तोंड करून, त्याच्यावरची नजर न हलवता हळूहळू माघार घ्यावी. दिसणाऱ्या शार्कपेक्षा न दिसणारा शार्क अधिक धोक्याचा, असे ते मानतात. या नियमांत पराक्रमाची भाषा नाही आणि द्वेषाचीही नाही. घाटातून रोज गाडी नेणारा चालक वळणाविषयी ज्या भावनेने बोलतो, तीच ही भावना.

अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला येथे फ्रँक नाइट यांनी १९२१ मध्ये केलेला भेद आठवावा. ज्याचा अंदाज बांधता येतो तो धोका, आणि ज्याचा अंदाजच नाही ती अनिश्चितता. पाणबुड्याच्या दृष्टीने शार्क हा बऱ्याच अंशी धोका आहे, किनाऱ्यावरच्या माणसाच्या दृष्टीने ती निव्वळ अनिश्चितता आहे. त्याही आधी, १७७६ मध्ये, अ‍ॅडम स्मिथ यांनी मजुरीची मीमांसा करताना एक मार्मिक निरीक्षण नोंदवले होते. ज्या संकटातून आपण धैर्याने आणि कौशल्याने निसटू अशी आशा असते, ते संकट माणसाला व्यवसायापासून परावृत्त करीत नाही. जेथे धैर्य आणि कौशल्य यांचा काही उपयोग नसतो तेथील गोष्ट वेगळी. स्मिथ यांच्यासमोर पाणबुडे नव्हते, परंतु हे वाक्य त्यांना तंतोतंत लागू पडते. पाणबुड्याजवळ कौशल्य असते, म्हणून तो भीती बाळगूनही उतरतो. उथळ पाण्यात खेळणाऱ्या मुलाजवळ ते नसते, म्हणून त्याच्या आईची भीती उपहासाचा विषय होऊ शकत नाही.

दक्षिण ऑस्ट्रेलियात अ‍ॅबलोन नावाच्या मौल्यवान शिंपल्या खडकावरून खरवडून काढणारे व्यावसायिक पाणबुडे आहेत. नावेवरून नळीने हवा घेत ते तासन्‌तास तळाशी राबतात. मान खाली, हात कामात, पाठ उघडी. त्यांच्यापैकी काहींनी स्वतः चालणारे पिंजरे वापरले, काहींना पिंजऱ्याचा अडथळा वाटला. याच समुद्रात फेब्रुवारी २०११ मध्ये असा एक अनुभवी पाणबुडा वर येत असताना शार्कच्या हल्ल्यात नाहीसा झाला. कौशल्याने धोका कमी होतो, संपत नाही. हे पाणबुड्यांना ठाऊक असते, आणि तरीही त्यांच्यातील अनेकांनी सरसकट शार्क मारण्याची मागणी केली नाही, याला महत्त्व आहे.

यावर एक आक्षेप घेतला जाईल आणि तो दुर्लक्षिण्याजोगा नाही. जो फार भ्याला त्याने पाण्यात जाणे केव्हाच सोडले. ज्याला शार्कने नेले तो साक्ष द्यायला उरला नाही. तेव्हा उरलेल्या पाणबुड्यांचे मत हे मुळातच चाळणीतून आलेले मत आहे. शिवाय पिंजऱ्यातून शार्क दाखवण्याचा आता मोठा व्यवसाय झाला आहे, आणि ज्याची मिळकत शार्कवर अवलंबून आहे तो शार्कची बाजू घेणारच. आक्षेप बरोबर आहे. म्हणूनच पाणबुड्यांचे परस्परांशी जेथे भांडण झाले, त्या उदाहरणाकडे पाहणे अधिक उद्‌बोधक ठरेल.

न्यूझीलंडच्या अगदी दक्षिणेस स्ट्युअर्ट बेट आहे. तेथील पाणबुडे श्वास रोखून तळाशी जातात आणि पावा नावाची अ‍ॅबलोनचीच स्थानिक जात गोळा करतात. त्याच पाण्यात पर्यटकांना पिंजऱ्यातून पांढरे शार्क दाखवणाऱ्या नावा येऊ लागल्या. शार्कला जवळ आणण्यासाठी माशांचा लगदा आणि आमिष वापरले जाते. नावेच्या आवाजाशी आणि माणसाच्या सान्निध्याशी शार्क अन्नाची सांगड घालू लागेल आणि त्याची किंमत आम्हाला द्यावी लागेल, असे पावावाल्यांचे म्हणणे होते. वाद न्यायालयात गेला. २०१८ मध्ये अपील न्यायालयाने त्यांची बाजू उचलून धरली. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय टिकू दिला नाही. कायद्याचा काथ्याकूट बाजूला ठेवला, तरी यातील अर्थशास्त्र सरळ आहे. एकाच्या धंद्याचा नफा त्याच्या खिशात, आणि त्या धंद्याने वाढणारा संभाव्य धोका दुसऱ्याच्या माथी. परंतु या वादाचा रोख ध्यानात घ्यावा. पावावाले शार्कच्या जिवावर उठले नव्हते. शार्कला आमिष दाखवणाऱ्या माणसांवर बंधन घाला, एवढेच त्यांचे मागणे होते. खरी भीती बाळगणाऱ्याला आपला प्रतिवादी कोण हे अचूक कळते.

जाळी, गळ आणि मते

किनाऱ्याच्या भीतीला मात्र ते नेहमीच कळते असे नाही. न्यू साउथ वेल्समध्ये १९३७ पासून जाळी टाकली जात आहेत. जाळे म्हणताच साऱ्या किनाऱ्याला कुंपण घातले असावे, अशी कल्पना होते. वस्तुतः एकेक जाळे सुमारे दीडशे मीटर लांबीचे आणि सहा मीटर उंचीचे असते; शार्क त्याच्या वरून, खालून वा बाजूने खुशाल येऊ शकतो. त्यात अडकणाऱ्या जलचरांत ज्यांच्यासाठी जाळे टाकले ते शार्क थोडे. निरुपद्रवी शार्क, पाकट, कासवे आणि डॉल्फिन यांचाच भरणा अधिक. जाळ्यांचे समर्थक सांगतात की, सिडनीत १९६३ नंतर थेट २०२२ पर्यंत शार्कच्या हल्ल्यात एकही मृत्यू झाला नव्हता. हा मुद्दा झटकून टाकू नये. परंतु याच काळात किनाऱ्यांवर पहारा वाढला, जखमीला तातडीने मदत पोहोचू लागली, आणि ज्या पुष्कळ किनाऱ्यांवर जाळी नव्हती तेथेही मृत्यू झाले नाहीत. यशाचे श्रेय जाळ्याला किती आणि इतर गोष्टींना किती, याची विभागणी केल्याविना हिशेब पुरा होत नाही.

पश्चिम ऑस्ट्रेलियातील प्रकार याहून बोलका आहे. तेथे थोड्या काळात अनेक प्राणघातक हल्ले झाल्यावर राज्य सरकारने २०१४ च्या जानेवारी ते एप्रिल या महिन्यांत समुद्रात आमिष लावलेले मोठे गळ सोडले. तीन मीटरहून मोठा शार्क सापडल्यास त्याला ठार मारायचे होते. एकूण १७२ शार्क गळाला लागले. त्यांत बहुसंख्य टायगर शार्क होते. ज्या पांढऱ्या शार्कच्या भयाने ही मोहीम निघाली, तो त्यात एकही नव्हता. भुई धोपटल्याचा आवाज झाला. साप तेथे नव्हताच. पर्थजवळच्या कॉटेस्लो किनाऱ्यावर हजारो नागरिकांनी या मोहिमेचा निषेध केला आणि त्यांत समुद्रात नित्य उतरणारे लोकही होते. त्याच वर्षी राज्याच्या पर्यावरण प्राधिकरणाने ही मोहीम पुढे चालू ठेवू नये, अशी शिफारस केली.

मग सरकारे असे का करतात? कारण जाळे दिसते, गळ दिसतो, मारलेला शार्क दिसतो. काहीतरी केल्याचे समाधान मतदाराला तत्काळ मिळते. त्या कृतीने धोका खरोखर किती घटला, हे मोजायला वर्षे लागतात आणि तोवर निवडणूक होऊन जाते. शार्कला मत नाही, आणि पाणबुड्यांची मते मूठभर.

हिशेबाची दुसरी बाजू

फ्लॉरिडा विद्यापीठाच्या संग्रहालयात जगभरच्या शार्क हल्ल्यांची नोंद ठेवली जाते. माणसाने डिवचले नसताना झालेले चावे २०२३ मध्ये ६९ होते आणि त्यांत १० जण दगावले. २०२४ मध्ये ही संख्या ४७ आणि ४ अशी होती. पांढऱ्या शार्कच्या नावावर आजवर नोंदलेले असे हल्ले साडेतीनशेच्या आसपास असून त्यांतील सुमारे साठ प्राणघातक ठरले. आता पलीकडचा रकाना पाहावा. मासेमारीत मरणाऱ्या सर्व जातींच्या शार्कची संख्या वर्षाला सुमारे आठ कोटींच्या घरात आहे, असे २०२४ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसून आले. या आकड्यांत आपलाही वाटा आहे. कोकणच्या बाजारात मुशी किंवा मोरी या नावाने जी विकली जाते ती शार्कच होय, आणि भारत हा शार्क पकडणाऱ्या प्रमुख देशांत मोडतो. केवळ कल्ले कापून धड समुद्रात फेकण्यास आपल्याकडे २०१३ मध्ये मनाई झाली आणि कल्ल्यांच्या निर्यातीवर २०१५ मध्ये बंदी आली.

पांढऱ्या शार्कच्या बाबतीत तर तूट भरून निघण्याचा वेग फारच मंद आहे. हा प्राणी सत्तर वर्षांपर्यंत जगू शकतो. मादी प्रजननक्षम होण्यास तिशी उलटावी लागते, आणि एका वेळी होणारी पिले थोडी. भांडवल इतक्या सावकाश वाढत असेल, तर त्यातून होणारी प्रत्येक उचल पिढ्यान्‌पिढ्या जाणवते. दक्षिण आफ्रिकेने १९९१ मध्ये या जातीला संरक्षण दिले. कॅलिफोर्निया, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड यांनी पुढे तेच केले, ते याच कारणाने.

शार्क नसला तर काय होते, याचेही उत्तर दक्षिण आफ्रिकेतच मिळाले. केपटाउनजवळचा फॉल्स बे आणि त्यापलीकडचे गान्सबाय गाव पांढऱ्या शार्कसाठी जगभर प्रसिद्ध होते. गान्सबायची बरीचशी मिळकत पिंजऱ्यातून शार्क पाहायला येणाऱ्या प्रवाशांवर चाले. २०१७ मध्ये तेथे यकृत काढून घेतलेले मृत शार्क किनाऱ्याला लागले. हे काम ऑर्का जातीच्या देवमाशांचे असल्याचे निष्पन्न झाले. पुढे शार्क तेथून दिसेनासेच झाले. ऑर्कांचा दोष किती आणि माणसाच्या मासेमारीचा व जाळ्यांचा किती, यावर शास्त्रज्ञांत मतभेद आहेत. परंतु परिणाम नोंदले गेले आहेत. फॉल्स बेमध्ये सील वाढले, सात कल्ल्यांचे मोठे शार्क वाढले, आणि ते ज्यांच्यावर जगतात ते मासे व लहान शार्क घटले, असे २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दाखवण्यात आले. ज्याच्या भीतीने किनारा रिकामा होई, त्याच्या अनुपस्थितीने गावाचा रोजगार गेला.

भीतीला माहितीची जोड

विशेष म्हणजे त्याच केपटाउनने भीतीला कसे वागवावे याचा शहाणा मार्गही दाखवला आहे. २००४ पासून तेथे डोंगरउतारावर पहारेकरी बसवण्यात आले. दुर्बिणीतून पाण्यावर लक्ष ठेवायचे, शार्क दिसताच भोंगा वाजवून लोकांना बाहेर काढायचे, आणि निरनिराळ्या रंगांच्या निशाणांनी त्या दिवशीची परिस्थिती कळवायची. पाणी गढूळ असून शार्क दिसणे कठीण असेल, तर तेही कळवायचे. या व्यवस्थेने स्थानिक लोकांना काम मिळाले, पोहणाऱ्याला निर्णयाचे स्वातंत्र्य राहिले आणि शार्कही जिवंत राहिला. वरवर पाहता साधी वाटणारी ही योजना पाणबुड्यांच्या रिवाजांचेच सार्वजनिक रूप आहे: पाहा, ओळखा, आणि वेळीच बाजूला व्हा.

यंत्रांचाही उपयोग होतो, पण तो मर्यादा ओळखून. ऑस्ट्रेलियातील फ्लिंडर्स विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१८ मध्ये शार्कला दूर ठेवणाऱ्या पाच साधनांची पांढऱ्या शार्कवर चाचणी घेतली. सर्वांत परिणामकारक ठरलेल्या विद्युत उपकरणाने आमिष खाल्ले जाण्याचे प्रमाण ९६ टक्क्यांवरून ४० टक्क्यांवर आणले. इतर काही साधनांचा जवळजवळ काहीच उपयोग झाला नाही. चाळीस टक्के म्हणजे शून्य नव्हे, हे ध्यानात ठेवणाऱ्यालाच या उपकरणाचा लाभ आहे. ते बांधले की आपण अवध्य झालो, असे समजून जो सीलांच्या वसाहतीत शिरेल, त्याने मिळवलेली सुरक्षितता स्वतःच्या हाताने गमावली.

सरकारने काहीच करू नये, असा या विवेचनाचा अर्थ नाही. नागरिकांच्या जीविताची जबाबदारी शासनाची आहे, आणि पाणबुड्याचे कौशल्य अंगी नसलेल्या माणसालाही समुद्राचा आनंद घेण्याचा हक्क आहे. मागणे एवढेच की, सार्वजनिक पैसा ज्या उपायावर खर्च व्हायचा तो उपाय धोका घटवतो की केवळ भीती शमवतो, हे आधी तपासले जावे. पहारेकरी, आकाशातून टेहळणी करणारी ड्रोन विमाने, वेळेवरची सूचना, जखमीला रक्तस्राव थांबवणारे प्रथमोपचार यांचा हिशेब मांडता येतो. जाळ्यांचाही तो मांडला जावा, आणि त्यांत मरणाऱ्या कासवा-डॉल्फिनांची किंमत त्यात धरली जावी.

न्यू साउथ वेल्समध्ये जाळ्यांचा प्रश्न आज ना उद्या पुन्हा ऐरणीवर येईल. त्या वेळी ज्या घरांनी माणसे गमावली आहेत त्यांचे म्हणणे प्रथम ऐकले जावे, यात दुमत नाही. परंतु त्यानंतरची साक्ष त्या पाण्यात रोज उतरणाऱ्या पाणबुड्यांची व्हावी. त्यांच्यात एकमत नसेल, त्यांच्यापैकी काहींचे हितसंबंधही गुंतलेले असतील. ते उलटतपासणीत उघड करता येतील. शार्क समोर आला असता काय करावे हे ज्यांनी प्रत्यक्ष पाण्यात ठरवले आहे, त्यांचे न ऐकता शार्कचे काय करावे हे ठरवणे कोणत्याही विचारी शासनाला शोभणार नाही.